दंडाला न पुरलेला पट्टा

शिवकांता सिस्टरना हसू आवरत नसे, आणि नोकरी मिळाली ती नेमकी हसायला बंदी असलेल्या जागी. परंड्याला आमच्या छोट्या खासगी हॉस्पिटलात त्या एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. मी श्रावस्ती. तेरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आता त्यांच्या जागेवर उभी राहते.

त्यांचं हसू आनंदाचंच असायचं असंही नाही. घाबरल्या की हसू, दमल्या की हसू, मोठे डॉक्टर ओरडले की जास्तच हसू. तोंडावरचा मास्क फुगायचा, खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि मास्कच्या आतून बारीक आवाज यायचा, “साकु, साकु.” म्हणजे पुरे, पुरे. त्या मूळच्या तामलवाडीच्या, पण आई मल्लम्मा अक्कलकोटकडची, त्यामुळं घरात कानडी. स्वतःला दटावायचं झालं की सिस्टर कानडीतच दटावायच्या. उपयोग शून्य.

लग्नही हसण्यातच जमलं. मुलगा एसटीत कंडक्टर. बघायच्या कार्यक्रमाला माणसं दारातच घोटाळली, तेव्हा हा सवयीनं म्हणाला, “चला, पुढं सरका, पुढं जागा हाय.” हातातलं पोह्यांचं ताट सावरत सिस्टर ज्या हसत सुटल्या त्या स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकल्या. सगळ्यांना वाटलं मोडलं आता. पण बाहेर मुलगाही हसत होता. दोघांना गप्प करता करता तारीख ठरली.

तर आता त्या औषधाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यापायीच घडलं.

सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात. त्यात काही बायकांचा बीपी एकदम घसरतो. बाई पांढरी पडते, मळमळतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. अशा वेळी देण्यासाठी ट्रेमध्ये एक छोटी काचेची बाटली कायम तयार असते. मेफेन्टरमाइन नाव. ते शिरेतून गेलं की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोर धरतं आणि घसरलेला आकडा वर येतो. सिस्टर त्याला ‘जिना’ म्हणायच्या. “श्रावस्ती, जिना भरून ठेव गं,” म्हणजे काय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

या जिन्याची त्यांची आवडती गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवची. हरणाबाई नावाची बाई टेबलावर होती. पहिलंच बाळंतपण. सुई दिली आणि ही बाई बोलता बोलता गप्प झाली. ओठ पांढरे. “बाई, मला काय दिसंना झालंय,” एवढंच म्हणाली. भूल द्यायला बार्शीहून स्कूटरवर गौरीशंकर डॉक्टर यायचे, उन्हाळ्यातसुद्धा कानाला मफलर. ते शांतपणे म्हणाले, “सिस्टर, द्या.” सिस्टरनी दिलं. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. आकडा चढायला लागला, गालावर रंग आला, आणि हरणाबाईंनी डोळे टक्क उघडून विचारलं, “सिस्टरबाई, म्या चुलीवर दूध ठिवून आले वो! उतरवलं असंल का कुनी?”

झालं. सिस्टरचे खांदे हलायला लागले. ट्रेमधल्या कात्र्या किणकिणायला लागल्या. मोठे डॉक्टर पोट उघडून उभे, ते ओरडले, तसं गौरीशंकर डॉक्टरांनाही हसू फुटलं. आणि त्याच गोंधळात साडेतीन किलोचा मुलगा बाहेर आला. सिस्टरनी त्याला पायाला धरून उलटा केला, पाठीवर चापट दिली, तो किंचाळला आणि टेबलावरून हरणाबाई म्हणाल्या, “आवाज तर लई खणखणीत हाय!” मुलाचं नाव ठेवलं रणधीर.

औषधाचा जुना इतिहासही गौरीशंकर डॉक्टरांनीच सांगितला. दोन ऑपरेशनांच्या मधल्या चहाला बसलो होतो. ते म्हणाले, “सिस्टर, हे मुळात कशासाठी निघालं, सांगा बरं.”

“बीपीसाठी.”

“चोंदलेल्या नाकासाठी.”

सिस्टरचा चहा नाकात गेला. ठसका आणि हसू एकत्र. डॉक्टर त्यांची पाठ थोपटत सांगत राहिले. पंचाहत्तरएक वर्षांपूर्वी परदेशात ह्याची नळी मिळायची. सर्दी झाली की नाकाशी धरून हुंगायची, नाक मोकळं. पण लोकांच्या ध्यानात आलं की नाकाबरोबर डोकंही मोकळं होतंय. झोप उडते, भूक मरते, माणूस उगाचच खुशीत येतो. मग नाक ठणठणीत असलेली माणसंच दुकानात जास्त दिसायला लागली. शेवटी नळ्या बंद कराव्या लागल्या. दरम्यान हेच औषध बीपी वर आणतं हे डॉक्टरांना कळलं होतं, म्हणून ते बाटलीत भरून थिएटरमध्ये आलं. “अँफेटामिन म्हणून नशेचं एक खानदान आहे ना, त्यातलंच हे. शिकलं-सवरलं, नोकरीला लागलं, एवढाच फरक,” डॉक्टर म्हणाले आणि मफलर गुंडाळून स्कूटरला किक मारायला गेले.

आम्हाला तेव्हा ही गंमतच वाटली. नाकाच्या नळीसाठी रांग लावलेले गोरे लोक डोळ्यांपुढं आणून आम्ही आठवडाभर हसत होतो.

सिस्टर दोन हजार एकवीसला निवृत्त झाल्या. तीन वर्षांनी, जानेवारीत, एका रविवारी मी त्यांच्या घरी बसले होते. तेवढ्यात रणधीर आला. आता तो चोवीस वर्षांचा जवान गडी. गावात पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं जिम काढली होती, आणि सव्वीस जानेवारीला ‘परंडा तालुका श्री’ अशी शरीरसौष्ठव स्पर्धा ठेवली होती. त्याचं निमंत्रण द्यायला तो आला होता.

तो आला म्हणजे वादळच आलं. “मावशी, प्रमुख पाहुण्या तुमीच! माझा जन्म तुमच्या हातचा, बक्षीस बी तुमच्याच हातचं! नाय म्हनायचं न्हाय! स्टेज बांधलंय, माईक सांगितलाय, अकरा पोरं हायत, बंडप्पा शेठ ढाल द्यायलेत!” बोलता बोलता त्यानं तीन तांबे पाणी प्यायलं, दारातल्या चपला लहान-मोठ्या अशा ओळीनं लावल्या, न्हाणीतला गळका नळ आवळला, माळ्यावरचं पिंप खाली काढलं, “हे इथंच बरं दिसतं” म्हणून परत वर ठेवलं. पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत. गुडघा मात्र सारखा उडत होता, आणि आम्ही पुढं केलेल्या शेंगाचटणी-भाकरीकडं त्यानं पाहिलंही नाही.

“काल झोपलो न्हाय, परवा बी न्हाय, पर बघा की, दमच लागत न्हाय मला!” म्हणाला आणि गेला.

सिस्टर हसून हसून लाल झाल्या. “लई उत्साही पोरगं गं हे.” मीही हसले. थिएटरमध्ये दोघींची मिळून पन्नास वर्षं होत आली होती. झोप नाही, भूक नाही, गुडघा उडतोय, तोंड कोरडं, हे समोर बसून बघितलं आणि आम्ही हसलो. ते मला अजून लागतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं आणि दुपारी त्याच शाळेच्या मैदानावर स्पर्धा. गर्दी म्हणाल तर जत्रा. पुरुष होतेच, पण बायका जास्त, कारण प्रत्येक पैलवानाची आई, आत्या, मामी असा अख्खा गोतावळा आला होता. स्टेजवर बंडप्पा शेठ. सिमेंटचे व्यापारी, कपाळाला विभूती, माईक हातात आला की सोडत नाहीत. सिस्टरनी ठेवणीतली इरकल नेसली होती. मला म्हणाल्या, “श्रावस्ती, ती पोरं चड्डीवर येणार, मला हसू आलं तर चिमटा काढ.”

कार्यक्रमाला वेळ होता. सिस्टरना पाणी हवं होतं, म्हणून आम्ही मागच्या सातवीच्या वर्गात शिरलो. तिथं स्पर्धक तयार होत होते. खोबरेल तेलाचा घमघमाट. फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ आणि त्याच्याखाली अकरा उघडे गडी एकमेकांच्या पाठी चोळताहेत. मी चिमटा काढायला हात पुढं केला, तोच सिस्टरच्या चपलेला काहीतरी लागलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं.

काचेची छोटी बाटली. त्यांनी वाकून उचलली, चष्मा वर केला, आणि एकतीस वर्षांची सवय अशी की दुसऱ्या क्षणाला त्या वर्गाच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, “पेशंट कुठाय? कुणाचा बीपी पडला? आडवा करा त्याला, पाय वर घ्या!”

अकरा जण आ वासून बघायला लागले. सिस्टर बाकांमधून पळताहेत, प्रत्येकाच्या मनगटाला हात घालताहेत, तेलानं हात निसटतोय. “अरे सांगा की, कोण पडलं?”

“कोन न्हाय पडलं, मावशी,” रणधीर हसत पुढं आला. “पेशंटचं न्हाय ते. ताकदीचं हाय. मारलं की शिरा टरारून वर येत्यात, अंगात करंट बसतो. एक जण येतो गाडीवर बॅग घिऊन, तो देतो. व्हिटॅमिनच की.”

सिस्टरना हसू आलं. घाबरल्याचं हसू, ते मला ओळखू येतं. खांदे दोनदा हलले आणि थांबले. तेरा वर्षांत त्यांचं हसू असं मध्येच तुटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“किती जणांनी मारलंय?” त्यांनी विचारलं.

कुणी बोलेना. फळ्यावरचा सुविचार सगळ्यांच्या मागं.

“श्रावस्ती, बीपीचं मशीन आण. पळ.”

मी स्कूटीवर गेले आणि आले, पाच मिनिटं. पहिला रणधीरच बसवला. पट्टा त्याच्या दंडाभोवती गुंडाळला तर दोन्ही टोकांची भेटच होईना! चार बोटं अंतर. सिस्टरनी ओढला, मी ओढला, तर पट्टा तेलावरून सर्रकन घसरून मनगटापाशी बांगडीसारखा जाऊन बसला. तेल पुसायला जवळ काही नाही, म्हणून सिस्टरनी फळ्याचं डस्टर घेतलं आणि दंड पुसला. खडूची भुकटी तेलावर बसून रणधीरचा दंड चुना मारलेल्या खांबासारखा पांढराफेक. बाकीचे दहा जण एवढं टेन्शन असूनही फिदीफिदी हसायला लागले.

“हसता काय? तुमचा बी नंबर हाय,” सिस्टर म्हणाल्या. “श्रावस्ती, मांडीचा पट्टा आण.”

मी पुन्हा स्कूटीवर. लठ्ठ पेशंटसाठी मांडीला बांधायचा एक मोठा पट्टा आमच्याकडं होता, वर्षातून एकदा लागायचा. येताना मैदानावर लोक मला विचारायला लागले, सिस्टर, तुमी सारख्या पळताय कशापायी? मी म्हटलं, मापं घ्यायलोत.

परत आले तर बंडप्पा शेठ वर्गाच्या दारात उभे. “अवं सिस्टर, पब्लिक शिट्ट्या मारायलंय! पाहुण्या बी तुमीच आन् खोळंबा बी तुमीच!”

“शेठ, टेबल स्टेजवर लावा. आन् माईक माझ्याकडं द्या.”

“माईक?” शेठच्या चेहऱ्यावर कुणी घरातलं माणूस मागितल्यासारखा भाव. पण दिला.

सिस्टर आयुष्यात कधी माईकवर बोलल्या नव्हत्या. आधी नुसताच त्यांचा श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, “आधी बीपी, मग बॉडी. ज्याचा बीपी ठीक, तो स्टेजवर. ज्याचा न्हाय, तो खुर्चीवर. आकडा मी कुणाला सांगनार न्हाय, ज्याचा आकडा त्याचा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आधी बीपी, मग बॉडी!” आणि अख्ख्या मैदानानं ते उचललं. टाळ्यांच्या ठेक्यावर. शाळेची पोरं बाकांवर नाचायला लागली.

एकेक स्पर्धक वर येई, चड्डीवर, चकचकीत, आणि स्टुलावर बसून गरीब गाईसारखा हात पुढं करी. सिस्टर मांडीचा पट्टा त्याच्या दंडाला बांधत आणि बांधता बांधता बोलत. माईक टेबलावर चालूच आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. “तू शिवपुत्र न्हव? पायाकडून आला होतास. आईला सोळा तास लावलेस.” मैदान हसलं. “आन् तू? दीड किलोचा होतास रे, माझ्या तळहातावर मावायचास. बघा आता, पट्टा पुरंना!” मैदान खो-खो. कुणाची तरी आई उठून ओरडली, “सिस्टरबाई, त्येला पेटीत ठिवलंवतं!” तो बिचारा दोन्ही हातांनी छाती झाकायला लागला.

आणि एकेक जण खाली खुर्चीवर जाऊन बसत होता. जानेवारीचं वारं, अंगाला तेल. आया खुर्च्यांशी धावत येऊन लेकरांना शाली, पदर, जे असेल ते गुंडाळायला लागल्या. आठ जणांनी औषध मारलेलं होतं, दोघांचा आकडा नुसत्या भीतीनं वर गेला होता. दहा खुर्च्या, दहा शाली.

उरला अकरावा, अमरदीप. आमच्याकडचा पोस्टमन, वय एक्केचाळीस. ऑफिसातल्या लोकांनी पैज लावली म्हणून त्यानं नाव दिलं होतं. वाड्यावस्त्यांवर सायकल मारून पोटऱ्या तेवढ्या दगडासारख्या, बाकी छाती बेताची आणि बेंबीपाशी थोडी सुखवस्तू गोलाई. त्याला साधाच पट्टा व्यवस्थित बसला. सिस्टरनी हवा सोडली, आकडा पाहिला, पुन्हा एकदा मोजला. मग उभ्या राहून म्हणाल्या, “परंडा तालुका श्री!”

“मावशी, मला पोझ येत न्हाईत,” अमरदीप घाबरून म्हणाला.

“जे येतं ते कर.”

त्यानं आधी सूर्यनमस्कार घातला. मग सॅल्यूट केला, सव्वीस जानेवारी होती म्हणून. मग काही सुचेना, तेव्हा डावा हात पुढं धरून उजव्या मुठीनं धाड धाड शिक्के मारायला लागला, पोस्टातले. पोझ म्हणून! आणि काय सांगू, दंडाची बेडकुळी खरंच टुणकन वर आली. मैदान वेडं झालं. टोप्या उडाल्या. “आमच्या वस्तीचं टपाल! आमचं टपाल!” बायका ओरडायला लागल्या.

सिस्टरचं हसू सुटलं ते माईकमध्ये. चारी भोंग्यांतून, बसस्टँडपर्यंत. “साकु, साकु, साकु!” ते ऐकून पहिली रांग, मग दुसरी, मग भिंतीवर चढलेले. बंडप्पा शेठ ढाल छातीशी धरून पायरीवर बसले आणि डोळे पुसायला लागले. शालीतले दहा जणही हसत होते. मी आमच्या पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावात एवढी माणसं एकाच वेळी हसताना त्याआधी पाहिली नव्हती.

खरं तर नऊच जण हसत होते. मी पाहिलं तेव्हा दहावा, रणधीर, हसत नव्हता. हरणाबाई त्याच्या खुर्चीशी वाकून पदरानं वारा घालत होत्या. त्याचा हात छातीवर, कपाळावर घाम, डोळे कुठंतरी लांब.

“मावशी,” तो म्हणाला, “आत घोडं पळायलंय.”

सिस्टर स्टेजवरून उडी मारून उतरल्या. साठीच्या बाईनं, इरकल नेसून. बंडप्पा शेठचा सिमेंटचा टेम्पो दारातच उभा होता. रणधीरला त्यात बसवला, दोन्ही बाजूंनी आम्ही, पुढं हरणाबाई. शेठनं स्वतः गाडी हाणली. हॉर्न एवढा वाजवला की किल्ल्यावरची पारवी उठली. हॉस्पिटलात नेलं, तारा लावल्या. त्यावेळचा आकडा रणधीरच्या परवानगीनं सांगते. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे वीस. नाडी एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी औषधं देऊन हळूहळू खाली आणलं. तीन तास लागले. बाकीच्या सातांनाही मागोमाग आणून तपासलं, ते थोडक्यात निभावले. ते तीन तास सिस्टर त्याच्या उशाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच टेबलापाशी, पहिल्यांदा त्यांच्या हातात करायला काही नव्हतं. आकडा उतरायची वाट बघायची.

हरणाबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय मारलं वो त्यानं? वीख हाय का?”

सिस्टर त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. “वीख न्हाय. तुमाला ह्याच खोलीत म्या तेच दिलंवतं. तुमी खाली गेलावता, म्हणून वर आणलं. हा मुळात धडधाकट, जागेवर होता. ह्याला अजून वर चढवलं.”

“म्हंजी एकच औषध?”

“एकच बाटली.”

हरणाबाईंनी सिस्टरच्या हातातली बाटली घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, “दूध उतू गेलंच हुतं त्या दिवशी.” आणि रडता रडता दोघी इतक्या हसल्या की आतून डॉक्टरांनी हळू म्हणून खूण केली.

रणधीर तीस तास झोपला. उठल्यावर सात भाकरी खाल्ल्या. पण खरी परीक्षा नंतर. आठ दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. “मावशी, सगळं पानचट लागायलंय. हात उचलायचा बी कंटाळा.” दहाव्या दिवशी त्याला राग आला. सिस्टर मशीन घेऊन गेल्या तर म्हणाला, “चारचौघांत माझी शोभा केली तुमी. गावात तोंड दाखवायला जागा न्हाय. पुन्हा येऊ नका.” सिस्टर दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यानं दार लावून घेतलं. त्या ओट्यावर बसून हरणाबाईंबरोबर शेंगा फोडत बसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सोळाव्या की सतराव्या दिवशी आतून आवाज आला, “मावशी, मापताय तर मापा, पर त्यो मांडीचा पट्टा आनू नका. दंड उतरलाय माझा.” साधा पट्टा बांधला. पुरला. त्याला वाईट वाटलं आणि सिस्टरना हसू आलं, आणि त्या हसू दाबायला गेल्या तर शेंगदाणा घशात अडकला, तेव्हा मात्र रणधीर अंथरुणातून उडी मारून उठला आणि त्यानं त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या. त्या दिवसापासून तो बाहेर यायला लागला.

मग आम्ही सहा बायका एसटीनं धाराशिवला गेलो. मी, सिस्टर आणि चार आया. औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला, सोबत रुमालात बांधलेल्या नऊ रिकाम्या बाटल्या. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. पुढं काय चौकशी झाली आम्हाला नीट कळलं नाही, पण बॅगवाला माणूस परंड्यात पुन्हा आला नाही. दुसऱ्या गावाला जात असेल, हे सिस्टर सारखं म्हणतात. म्हणून त्या आता शेजारच्या गावांतल्या जिमची यादी करताहेत आणि स्वतःहून जाऊन उभ्या राहतात. पोरं आधी म्हातारी चुकून आली समजतात.

रणधीरची जिम चालू आहे. सगळी पोरं परत आली नाहीत. दोघं अजून चोरून कुठूनतरी आणतात असा संशय आहे, आणि एकाशी सिस्टरचं कडाक्याचं भांडण झालं. पण सकाळच्या वेळेला आता बायकाही येतात. हरणाबाई पंधरा किलो उचलतात.

एप्रिलमध्ये धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा होती. तालुका श्री म्हणून अमरदीपला जावंच लागलं. रणधीर त्याचा वस्ताद झाला. दोन महिने त्यानं पोस्टमनला अंडी, केळी आणि उठाबशांवर ठेवलं, पोझ शिकवल्या, शिक्क्याची पोझ काढून टाकायला बघितली पण अमरदीप ऐकेना. बंडप्पा शेठनी गाडी केली, आम्ही वीस जण गेलो. स्पर्धेत सात स्पर्धक, अमरदीपचा नंबर सातवा. पण टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच, कारण आम्ही वीस जण घसा बसेपर्यंत ओरडत होतो, आणि शेठनी कुठूनतरी माईक मिळवला होता.

येताना येडशीपाशी रामलिंगाच्या दर्शनाला थांबलो. ऊन उतरत होतं. अमरदीप अंगावरचं तेल तसंच ठेवून, गळ्यात सहभागाचं पदक घालून, केळ्यांचा घड काखेत मारून खाली उतरला. झाडावरून वानरांची टोळी आली. पहिल्या वानरानं केळी ओढली. अमरदीपनं सोडली नाहीत. दोघांची रस्सीखेच सुरू झाली. रणधीर ओरडायला लागला, “पाय रोवा, पोस्टमनसाहेब! पाठ सरळ! श्वास सोडा!” दुसऱ्या वानरानं मागून येऊन पदकाची फीत धरली. हरणाबाई चप्पल घेऊन धावल्या, शेठ गाडीत शिरून काच वर करायला लागले, आणि शिवकांता सिस्टर पायरीवर बसून मला म्हणाल्या, “त्या मोठ्या वानराचा दंड बघ गं श्रावस्ती, काही न मारता कसा झालाय!”

पदक वाचलं. केळी गेली. अमरदीप म्हणाला, सोमवारी वानराच्या नावानं मनीऑर्डर आली तरी मी नेऊन देणार नाही. मग आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली आणि बार्शीमार्गे घरी आलो.